एमजीए 1500 : बेळगाव-निपाणीच्या दुकानांतून सुटे भाग (कामाच्या नोंदी)

8 जून 2025

गाडी एमजीए 1500, एमजी या इंग्रजी कंपनीची, सन 1956, दोन सीटची, उघड्या टपाची. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हा मुंबई बंदरात उतरलेली. नंतर सगळं आयुष्य बेळगावच्या टिळकवाडीत गेलं. मामांकडून आमच्याकडे आली तेव्हा इंजिन हाताने फिरत होतं, एवढीच जमेची बाजू. ब्रेक शून्य, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, कार्बोरेटर चिकटलेले.

1955 ते 1962 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एक लाखावर एमजीए बाहेर पडल्या. त्यामुळे तिकडे आजही या गाडीचा बहुतेक प्रत्येक भाग नवा मिळतो. पण इंजिन आणि ब्रेकची यादी करून कुरिअर, कस्टम, जीएसटी धरला तर मूळ किमतीच्या जवळपास दुप्पट आकडा येतो. म्हणून ठरवलं की आधी इथला बाजार पालथा घालायचा आणि मिळणार नाही तेवढंच मागवायचं. अशी गाडी घेऊन बसलेले या पट्ट्यात आणखी दोघे-तिघे तरी असणार, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

सगळा खेळ एका गोष्टीवर आहे. एमजीएचं इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीचं बी-सीरीज, 1489 सीसी, बोअर 73 मिमी, स्ट्रोक 89 मिमी. तेच घराणं, तीच सीसी आपल्या ॲम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात. ॲम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, आणि मॉरिस नि एमजी दोन्ही बीएमसीच्याच. ॲम्बेसेडरचा उत्तरपाऱ्याचा कारखाना 2014 ला बंद पडला, पण दुकानांच्या माळ्यावर माल अजून आहे.

14 जून

जुन्या पी. बी. रोडवर सकाळपासून. पहिल्या दुकानात ‘एमजीचे पार्ट’ म्हटलं. पोऱ्याने आजच्या एमजी गाड्यांची नावं घेत विचारलं, “हेक्टर की ॲस्टर?” दुसऱ्या दुकानात मालकांनी मान वरसुद्धा केली नाही. “इल्ला री, नाळे बर्री.” उद्या या म्हणजे येऊ नका, हे बेळगावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

तिसऱ्या दुकानात तोंड उघडलंच नाही. पिशवीतून रॉकर कव्हरचं जुनं पॅकिंग काढून काउंटरवर ठेवलं. दुकानदार सत्तरीचे. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “ही तर अंबासिडरची की ओ! कुठली गाडी म्हणून विचारत फिरालाय?” पोऱ्याला शिडी लावून माळ्यावर चढवला.

खाली आलं ते : रॉकर कव्हर पॅकिंग, टॅपेटच्या बाजूच्या झाकणांची कॉर्क पॅकिंग, संपचं पॅकिंग, टायमिंग चेन, व्हॉल्व्ह गाइडचा संच, थर्मोस्टॅट. सगळं जुन्या भागावर ठेवून जुळवलं. चेन कड्या मोजून आणि जुन्या चेनला लोंबकळत धरून बघितली. एकूण 2,350 रुपये. इंग्लंडहून एवढ्याला फक्त पेटी आली असती.

त्या दिवसापासून यादीच्या वहीत दोन रकाने केले : भाग कोणता, आणि दुकानात कोणत्या गाडीचा म्हणून मागायचा. ‘एमजी’ हा शब्द दुसऱ्या रकान्यात कुठेच नाही.

21 जून

हेड गॅस्केट. वरच्या दुकानात संपलेला, म्हणून गांधीनगरकडच्या एका दुकानातून घेतला. पाकिटावर ॲम्बेसेडर, 1489 सीसी, सगळं छापलेलं. 700 रुपये. घरी ब्लॉकवर ठेवला तर पाण्याची भोकं जुळेनात.

कारण असं की ॲम्बेसेडर पुढे डिझेलमध्येही आली आणि ते डिझेल इंजिनही बी-सीरीजच, सीसीही 1489. आकडा एक, हेड वेगळं. टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं डिझेलच चालवल्यामुळे दुकानात आज जो माल उरलाय त्यात डिझेलचा जास्त. गॅस्केट परत घेतला नाही, ‘पाकीट फोडलंय’ म्हणाले. तेव्हा सीसी सांगून भागत नाही, ‘पेट्रोल, जुनं’ हे दोन शब्द आधी बोलायचे आणि पाकीट फोडण्याआधी जुना गॅस्केट त्यावर ठेवायचा. जुना नसेल तर हेडवर कागद ठेवून बोटाने दाबत ठसा उमटवून न्यायचा. पेट्रोलचा शेवटी कोल्हापुरात मिळाला, 850 ला.

5 जुलै

पाऊस. शेडमध्ये पाणी नाही पण दमट इतकं की सकाळी पुसलेला पाना संध्याकाळी तांबडा.

नट-बोल्ट. या गाडीत सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून सविस्तर.

गाडीतले बहुतेक बोल्ट यूएनएफ, म्हणजे इंची मापाच्या बारीक आट्यांचे आहेत. कार्बोरेटरवर आणि इकडेतिकडे बीएसएफ (जुने इंग्रजी बारीक आटे), लुकास कंपनीच्या विजेच्या सामानात बारीक बीए स्क्रू. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात आज मेट्रिक. आणि आपल्याकडचे मिस्त्री अजून सुतात बोलतात, इंचाचे आठ सूत. तो हिशोब या गाडीला मात्र चपखल बसतो : पाव इंच म्हणजे दोन सूत, 5/16 म्हणजे अडीच, 3/8 म्हणजे तीन, अर्धा इंच म्हणजे चार सूत. अडीच सुती बोल्ट मागितला की जाडी बरोबर मिळते. घोळ आट्यांत होतो.

अडीच सुती बोल्टला इंचामागे आटे किती ते बघा : यूएनएफला 24, बीएसएफला 22, व्हिटवर्थला (जुने इंग्रजी जाड आटे) 18, यूएनसीलाही (यूएनएफच्या घराण्यातले जाड आटे) 18. शिवाय यूएनएफ-यूएनसीच्या आट्याचा कोन 60 अंश, बीएसएफ-व्हिटवर्थचा 55. आणि मेट्रिक एम 8 ची जाडी 8 मिमी, म्हणजे 5/16 च्या इतकी जवळ (7.94) की डोळ्याला फरक कळत नाही. त्याचे आटे इंचामागे साधारण 20.

गॅरेजमधल्या पोराने मॅनिफोल्डच्या स्टडवर एम 8 चा नट चढवला. दोन आटे हाताने गेला, पुढे जड लागला. त्याने पान्याला पाइप लावला. नट गेला, स्टडचे आटे गेले, आणि नट उलटा काढताना स्टड हेडमधून निम्मा तुटून आला. तुटका स्टड काढायला उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) वेल्डरकडे हेड न्यावं लागलं. त्याने तुकड्यावर नट वेल्ड करून गरम असतानाच फिरवला आणि काढला. 400 रुपये आणि अख्खा शनिवार. हाताने पाच-सहा आटे सहज गेल्याशिवाय पाना लावायचा नाही असं आता शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलंय.

आटे मोजायची पात्यांची गेज घेतली, 55 आणि 60 अंशांची वेगवेगळी. दोन्ही मिळून 500 च्या आत. व्हर्निअरइतकीच ती खिशात पाहिजे.

12 जुलै

यूएनएफ बोल्ट मिळाले, आणि जिथे मिळाले ती जागा आधीच सुचायला हवी होती. निपाणीत, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात.

मॅसी फर्ग्युसनच्या घराण्यातले ट्रॅक्टर मुळात इंग्लंडचे, त्यांत यूएनएफ-यूएनसी आटे. निपाणी, चिकोडी, संकेश्वर हा ऊसपट्टा, ट्रॅक्टर गल्लोगल्ली, त्यामुळे दुकानात अडीच, तीन, साडेतीन, चार सुती बोल्ट किलोच्या हिशोबात पडलेले. ‘बारीक आट्याचा’ म्हटलं की यूएनएफ देतात, ‘जाड आट्याचा’ म्हटलं की यूएनसी. गेज लावून तपासले, बरोबर. दुकानदार माझ्या गेजकडे बघून हसत होते, पण चहा पाजला.

एक काळजी. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेकच्या जागी हाय टेन्साइल बोल्टच पाहिजेत, आणि डोक्यावर काहीच खूण नसलेला बोल्ट मी तिथे लावत नाही. चकचकीत झिंक पॉलिशवर भुलू नये. तसल्या दोन बोल्टांची डोकी मी टॉर्क पाना लावल्यावर हातात आलेली बघितली आहेत.

बीएसएफसाठी बुलेटची जुनी दुकानं. जुन्या बुलेटला इंग्रजी आटे असल्यामुळे तिथल्या डब्यांत पाव इंची बीएसएफ नट सापडतात. डबा उपडा करून शोधू देणारा दुकानदार गाठावा लागतो. बीए स्क्रू मात्र कुठेच मिळाले नाहीत, जुने साफ करून परत वापरले.

26 जुलै

ब्रेक. चारही चाकांना ड्रम, लॉकहीडची हायड्रॉलिक व्यवस्था. चाकाचे सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेले. नवे मागवायचे तर महाग, ॲम्बेसेडरचे बसत नाहीत (बॅकप्लेटची भोकं वेगळी, प्रयत्नही करू नका).

उपाय उद्यमबागेतला. टर्नरने सिलिंडर मोठ्या बोअरचे करून आत पितळी स्लीव्ह दाबून बसवले आणि मूळ मापाला होन केले, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केले. सिलिंडरमागे 650 रुपये. काम इतकं नीट की बोट फिरवलं तर जोड लागत नाही. बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉपची पिढ्यान्‌पिढ्यांची हातोटी आहे, तिचा फायदा आपण घ्यायचा. फक्त टर्नरला काम देताना ‘मापाला कर’ असं मोघम सांगू नये. इंचातलं माप आणि मिलिमीटरमधलं माप दोन्ही कागदावर लिहून सिलिंडरला चिकटवून द्यावं. नाहीतर ते 22.2 चं 22 करून ठेवतात आणि आतला रबरी कप आत जात नाही.

रबरी कप मापावर मिळतात. कपाच्या अंगावर बहुधा इंचातलं माप उमटवलेलं असतं, 7/8 वगैरे. ब्रेकच्या दुकानात त्या मापाचा कप म्हणून मागितला की जीपचा, टेम्पोचा, कशाचा का असेना, निघतो. कपाची उंची आणि ओठाचा आकारही जुन्याशी ताडून घ्यायचा. ब्रेक शूला लायनिंग मारून घेतली, रिव्हेटवाली. जोडीला 350.

मास्टर सिलिंडर हा या गाडीचा खास भाग. ब्रेक आणि क्लच दोन्हींचे बोअर एकाच ओतकामात शेजारी-शेजारी. त्याला इथे पर्याय नाही. बोअर सुदैवाने साफ होता. सीलचा संच इंग्लंडहून मागवला. यावर काटकसर करायची नाही असं घरात आधीच बजावण्यात आलं होतं.

9 ऑगस्ट

ब्रेक जाम. गाडी शेडमध्ये उभी असताना पेडल दिवसागणिक कडक होत गेलं आणि आज मागची दोन्ही चाकं फिरेनात. उघडलं तर कप फुगून स्लीव्हमध्ये घट्ट अडकलेले.

जोडताना मिस्त्रींनी कपांना साधं चाकाचं ग्रीस लावलं होतं, ‘सरकायला बरं’ म्हणून. पेट्रोलियम ग्रीस, डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, यांतलं काहीही ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं. धुवायला फक्त ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट, आणि जोडताना बोट ब्रेक ऑइलमध्येच बुडवायचं. सगळे कप फेकले, पाइप स्पिरिटने धुतले, नवे कप, नवं डीओटी 4 ब्रेक ऑइल. मालाचे 900 गेले, पण पुन्हा ब्लीड करण्यात (पाइपांतली हवा काढण्यात) जे दिवस गेले त्यांचं वाईट वाटलं.

16 ऑगस्ट

इंजिन उघडून कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात. बेळगावातही बोअरिंग होतं, पण तिथल्या एका वयस्कर मिस्त्रींनी ॲम्बेसेडरची इंजिनं शेकड्यांनी केलेली आहेत आणि मला त्यांच्याकडूनच क्रँक मोजून घ्यायचा होता.

क्रँक तीन मेन बेअरिंगचा. मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मूळ 2 इंच, रॉडचं जर्नल 1.875. दोन्हीकडे झीज आणि रॉडच्या एका जर्नलवर ओरखडा. ‘वीस’मध्ये ग्राइंड केला, म्हणजे 20 हजारांश इंच कमी. बेअरिंगच्या वाट्या त्याच मापाच्या ॲम्बेसेडरच्या, नव्या पाकिटातल्या, मिळाल्या. आधी वाट्या हातात घ्यायच्या आणि मगच क्रँक दगडाला लावू द्यायचा. ‘तीस’ करून ठेवला आणि बाजारात तीसच्या वाट्याच नाहीत, अशी एक इंजिनाची केस मिस्त्रींनी कोपऱ्यात बोट करून दाखवली. धूळ बघता ती तिथे बरीच वर्षं असावी.

पिस्टन. इथे थांबून विचार करावा लागला. ॲम्बेसेडरचे पिस्टन बोअरला बसतात, पिन आपल्या रॉडला बसते, ओव्हरसाइजही मिळतात. पण एमजीएचं कॉम्प्रेशन 8.3 ला एक, आणि ॲम्बेसेडर जुन्या काळच्या हलक्या पेट्रोलसाठी 7.2 वर ठेवलेली. फरक पिस्टनच्या डोक्यात आहे. हिशोब केला : सिलिंडरमागे 372 सीसी. 8.3 साठी पिस्टनच्या वर उरणारी जागा सुमारे 51 सीसी पाहिजे, 7.2 ला ती 60 होते. हे 9 सीसी हेड घासून भरून काढायचे तर दोन मिलिमीटरहून जास्त घासावं लागेल. तेवढं हेड घासायला मिस्त्रींनी साफ नकार दिला, आणि ते बरोबरच होतं.

पर्याय दोन. इंग्लंडचे पिस्टन, जे घरपोच 30 हजारांच्या पुढे जात होते. किंवा इथले, 6,200 ला रिंगांसह, आणि हेड एक मिलिमीटर घासून कॉम्प्रेशन साडेसातच्या थोडं वर आणायचं. दुसरा घेतला. गाडी शर्यतीत पळणार नाही, चोर्ला घाटापर्यंत जाऊन आली तरी पुष्कळ. ज्याला मूळची धाव पाहिजे त्याने या एका भागावर पैसे घालावेत, बाकीच्या इंजिनावर नाही.

बोअरिंग, होनिंग, क्रँक, हेड, व्हॉल्व्ह सीट, मजुरी मिळून 14,800. पावती मागितली तर आधी हसले, मग दिली.

30 ऑगस्ट

गणपती. सगळं बंद. लेथवरचा माणूस मंडळात, मंडळातला माणूस ढोलावर.

13 सप्टेंबर

कार्बोरेटर. एसयू कंपनीचे एच 4, दीड इंची, जोडी. भंगारातून ॲम्बेसेडरचा एक एसयू 800 ला घेतला, सुटे भाग वापरू म्हणून. तो सव्वा इंची निघाला आणि त्यातून दोन स्क्रू नि एक स्प्रिंग एवढंच कामी आलं. घेऊ नये.

थ्रॉटलचा दांडा झिजून हवा खात होता. पितळी सळईपासून नवे दांडे आणि बॉडीला बुश, उद्यमबागेत, दोन्हींचे 1,100. हे उत्तम झालं.

जेटच्या खालच्या बाजूला कॉर्कच्या बारीक चकत्या असतात, त्या इथल्या पॅकिंगच्या कॉर्क शीटमधून पंचाने कापून बसवल्या, आधी तेलात भिजवून. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी जमिनीवर पेट्रोल. शीटचा कॉर्क भरड असतो, कण सुटतात. पुन्हा कापल्या, पुन्हा गळती. शेवटी संच मागवला, मास्टर सिलिंडरच्या सीलसोबतच मागवला असता तर कुरिअर एकदाच लागलं असतं. मागवायच्या गोष्टींची यादी तुंबू द्यावी आणि एकाच पेटीत आणावी.

पेट्रोलचा पाइप. पंपावर आता ई 20 मिळतं, 20 टक्के इथेनॉल. हार्डवेअरच्या दुकानातला काळा ‘पेट्रोल पाइप’ आठवड्यात मऊ पडून वरून चिकट झाला. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना येणारा आर 9 खुणेचा पाइप घ्या. मीटरला तिप्पट पैसे पडतात, पण तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारून जाणाऱ्या पाइपात कसली बचत करायची?

24 सप्टेंबर

परवापासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला. रेडिएटरचे होज आणि क्लचचं सामान मुद्दाम थांबवलं होतं. जुन्या दुकानदारांनी छापील किमतीवरून नवी किंमत कॅल्क्युलेटरवर काढून दिली. एकाने ‘हा माल जुन्या दरात भरलाय’ म्हणून नाही दिली. ठीक आहे, शेजारी गेलो.

क्लच प्लेट नवी शोधण्यात वेळ घालवला नाही. जुन्या प्लेटच्या स्प्रिंगा आणि मधले दाते शाबूत होते, लायनिंग नवी मारून घेतली, 750. प्रेशर प्लेटची तोंडं घासून घेतली.

वायरिंग. या गाडीत अर्थिंग उलटं आहे, बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. मुळात सीटच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या. मी कप्प्याच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करून दुकानात नेला आणि त्यात बसेल अशी बारा व्होल्टची एकच छोटी बॅटरी घेतली. इलेक्ट्रिशियनला तीनदा सांगितलं आणि बॅटरीच्या झाकणावर लाल रंगाने ‘प्लस बॉडीला’ लिहिलं. वायर कोणत्याही रंगाची मिळते, पण लुकासचा रंगांचा नियम पाळायचा ठरवलं : तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजनंतरची, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची, काळी अर्थ. पट्ट्याच्या वायरी मिळाल्या नाहीत, तिथे टोकांना रंगीत स्लीव्ह घातल्या.

पेट्रोलचा विजेवरचा पंप मूळचाच ठेवला, पॉइंट घासून. दुकानातला नवा इलेक्ट्रॉनिक पंप मायनस अर्थचा होता. उलट्या अर्थच्या गाडीत तो तसाच बॉडीला कसला असता तर पहिल्याच चावीला धूर.

बेअरिंगबद्दल थोडंच : डायनामो असो वा चाक, बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो. पुसला असेल तर आतलं, बाहेरचं, जाडी अशी तीन मापं सांगा. 17-40-12 म्हटलं की दुकानदार न बघता 6203 काढून ठेवतो. इंचातलं बेअरिंग असेल तर वेळ लागतो, तेव्हा बेअरिंगच्याच दुकानात जायचं, मोटार पार्टच्या नाही.

1 ऑक्टोबर

खंडेनवमी. पाने, जॅक, गेज सगळं धुऊन मांडलं, झेंडू घातला. गाडीलाही हार. दुपारी चावी फिरवली, चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला इंजिन लागलं. तेलाचं प्रेशर 50 च्या वर. मामा आले होते, काही बोलले नाहीत, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि चटका बसला तेव्हा बाजूला झाले.

11 ऑक्टोबर

खानापूर रोडला पहिली लांब फेरी. पिरनवाडीच्या पुढे मच्छेजवळ गाडी बंद. पेट्रोल येतंय, प्लगला ठिणगी नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू. दोन किलोमीटरवर परत बंद. टेम्पोला बांधून आणली.

कॉइल बदलली, तेच. कंडेन्सर बदलला, तेच. दोन्ही लुकास-टीव्हीएसच्या डब्यातले, चांगले होते. शेवटी रोटर. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखालचा रोटर मी नवीन, बिनडब्याचा, 90 रुपयांचा घातला होता. स्वस्त रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. रिव्हेट आणि खालचा दांडा यांच्यामध्ये प्लास्टिक जेमतेम, तापलं की ठिणगी तिथूनच दांड्यात उतरते, प्लगपर्यंत जातच नाही. थंड झालं की पुन्हा चालतं, म्हणून कॉइलवर संशय जातो. तपासायची सोपी युक्ती : टोपी काढा, कॉइलची जाड वायर रोटरच्या मधोमध मिलिमीटरभर वर धरा आणि पॉइंट उघड-मीट करा. ठिणगी रोटरवर पडत असेल तर रोटर गेला.

गाडीबरोबर आलेल्या जुन्या डब्यात मूळचा, बिनरिव्हेटचा रोटर होता. पोलिश पेपरने टोक घासून बसवला. तेव्हापासून बंद नाही. पॉइंट मात्र ॲम्बेसेडरचेच नवे, 15 हजारांश इंचाच्या फटीवर. टोपी ॲम्बेसेडरची नको, आपल्या टोपीत वायरी बाजूने शिरतात.

1 नोव्हेंबर

बाजार बंद. एका बाजूने कर्नाटक राज्योत्सव, दुसऱ्या बाजूने मराठी भाषकांचा काळा दिन, आणि मध्ये आम्ही शेडमध्ये हिशोब करत.

आजवर सुट्या भागांवर इथे 31 हजारांच्या आसपास गेले, मशीन शॉपवर 20 हजार, इंग्लंडच्या दोन पेट्यांवर सगळं धरून 19 हजार. फुकट गेलेले (डिझेलचा गॅस्केट, भंगारातला कार्बोरेटर, फुगलेले कप, तुटका स्टड, रोटर, नको असलेली कॉइल) सुमारे 5 हजार.

टायर राहिलेत. मूळ माप 5.60-15, ॲम्बेसेडरचं 5.90-15. रिमला चढतं, पण पुढच्या चाकाला पूर्ण वळणावर किती जागा उरते ते एक उसनं टायर चढवून बघायचंय, मगच चारची ऑर्डर. पुढच्या सस्पेन्शनचं किंगपिनचं सामान इथे शोधणार नाही. ॲम्बेसेडरचं पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं, आपलं कॉइल स्प्रिंगचं, तिथे नातं संपतं. तिसऱ्या पेटीसाठी यादी वहीत सुरू केली आहे : किंगपिन संच, वायपरच्या चाकाची पेटी, बीए स्क्रूचं एक पाकीट.